दोनदा ऐकलेला शब्द

१२ जुलै १९९७, शनिवार

ही डायरी एका बेअरिंग पुरवणाऱ्यानं जानेवारीत दिली होती. आजवर तीत गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. आज लिहितोय, कारण कुणाशी बोललो असतो तर भांडणच झालं असतं, आणि कुंदाशी सकाळी झालेलं अजून संपलेलं नाही.

महांतेशच्या घरी मल्लेश्वरमला मीटिंग होती. पुण्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात अडुसष्ट साली शिरलेले आम्ही एकोणीस जण सध्या इथे बंगलोरात आहोत. पास होऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून सप्टेंबरात बायकामुलांसकट जमायचं, जेवायचं आणि एक स्मरणिका काढायची असं ठरलं. (पंचवीस वर्षं त्यांना झाली. मला चोवीसच. का ते उद्या लिहीन, आज डोकं ठिकाणावर नाही.) महांतेश पाटील चिकोडीचा. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. जगात सगळ्यांचं सगळ्यांशी जमावं असं वाटणारा माणूस. अशा माणसांचा मला पहिल्यापासून कंटाळा आहे.

संपादक कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग महांतेश म्हणाला, "निजसुरे, तुझं मराठी शुद्ध, अक्षर झकास, आणि चुका काढायचा तर तुला पगारच मिळतो की." मी कारखान्यात तपासणी विभागाचा मॅनेजर आहे. सगळे हसले. मी हो म्हणालो, पण नियम माझे. प्रत्येकानं एकच पान लिहायचं, स्वतःच्या हस्ताक्षरात, आणि फक्त मराठीत. नोकरी, कुटुंब, कॉलेजचे दिवस. छापखान्याची भानगड नको, पानं तशीच झेरॉक्स करून बांधायची. समारंभात प्रत्येकानं उभं राहून आपलं पान वाचायचं.

मग त्यानं यादी हातात दिली. सतरावं नाव हंबीरराव लाड.

"हा असेल तर मी नाही," मी म्हणालो.

"अरे, अठ्ठावीस वर्षं झाली," महांतेश म्हणाला. "हेब्बाळच्या पलीकडं पॉलिटेक्निकात ड्रॉइंग शिकवतोय तो. गरीब गाय आहे. सोड की आता."

गरीब गाय! मी यादीची घडी करून खिशात घातली. बसमध्ये बसल्यावर वाटलं, बरंच झालं. त्याला मराठीत लिहावं लागेल, आणि लिहिलेलं माझ्याच हातात येईल.

१३ जुलै, रविवार

एकदाचं लिहून टाकतो.

पहिल्या वर्षाला हॉस्टेलात माझा रूम पार्टनर हंबीरराव लाड. बंगलोरचा. पूर्वज म्हणे शहाजीराजांच्या फौजेबरोबर खाली आले आणि इथेच राहिले. त्याचं मराठी ऐकून आमची करमणूक व्हायची. "स्वल्प थांब" म्हणायचा. "मी सांगितलो" म्हणायचा. मी मेसमध्ये त्याची नक्कल करायचो आणि अख्खी मेस लोळायची. महिन्याभरात त्यानं मराठी बोलणंच सोडलं. सगळं इंग्रजीत.

ऑक्टोबरात आईचं दुखणं निघालं. मी तीन आठवडे मिरजेला इस्पितळात तिच्या उशाशी होतो. परत आल्यावर त्याला सांगितलं, ती बहुतेक वाचत नाही म्हणून. तो माझ्या खाटेच्या कडेला बसला आणि बऱ्याच दिवसांनी मराठीत बोलला. काय बोलला? "पाप, पाप." माझी आई मरायला टेकली होती आणि हा पापपुण्याचा हिशेब काढत होता. मी दोन दिवस त्याचं तोंड पाहिलं नाही.

माझ्या ड्रॉइंगच्या चार शीट राहिल्या होत्या आणि मंगळवारी त्या द्यायच्या होत्या. रविवारी दुपारी मी ड्रॉइंग हॉलच्या कपाटातून एका मुलाच्या शीट आणल्या. काचेखाली दिवा लावायचा, काचेवर दुसऱ्याची शीट, तिच्यावर आपला कोरा कागद, आणि गिरवायचं. सगळेच करायचे. आणल्या म्हणजे उसन्या आणल्या. विचारलं नव्हतं, कारण तो मुलगा गावाला गेला होता आणि कपाट उघडं होतं. शाईची दौत कलंडली आणि त्याच्या चारही शीट गेल्या. मुलगा एका बड्या माणसाचा भाचा निघाला.

सोमवारी रेक्टरनं बोलावलं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. आत हंबीरराव माझ्याआधीच पोचला होता. रेक्टर मराठीचे कडवे अभिमानी. "इथे इंग्रजी फाडायचं नाही," ते ओरडले, ते ऐकू आलं. मग, "निजसुरेबद्दल तुला काय म्हणायचंय?" आणि मग त्याचा तो जाड आवाज. "पाप, सर. पाप."

दोनदा म्हणाला. दार अर्धवट उघडं होतं. माझ्या कानांनी ऐकलंय मी.

माझं वर्ष गेलं. हॉस्टेल गेलं. रेक्टरनं वडिलांना पत्र पाठवलं. वडील वाईला शाळेत संस्कृत शिकवायचे. पत्र त्यांनी देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. काही सांगायचं झालं तर आईमार्फत सांगायचे. जानेवारीत आई गेली, मग तेही थांबलं. चौऱ्याहत्तर साली ते गेले तोवर मी घरी असलो की आम्ही दोघं एका घरात भाडेकरूंसारखे राहायचो.

पुढे मी कॉलेजात परत आलो. राहायला बाहेर, पण जेवायला त्याच मेसमध्ये. हंबीररावाशी एक अक्षर बोललो नाही. एकदा तो ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. मी माझं ताट उचललं आणि दुसऱ्या टेबलावर गेलो.

२० जुलै, रविवार

खाली घरमालकीण राहते, तानूबाई. अख्खी बनशंकरी तिला तानूअक्का म्हणते. हीसुद्धा तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठ्यांपैकीच. हिचं मराठी म्हणजे तीनशे वर्षं उन्हात ठेवलेलं लोणचं, मूळ फोड कसली होती ते ओळखू येत नाही. जिन्यात भेटली की "ऊट झालं काय निजसुरेअण्णा?" म्हणजे जेवलात का. सकाळी सात वाजता.

आणि हिला सगळीकडे पाप दिसतं. फाटकापाशी लंगडं कुत्रं आलं, पाप. पोस्टमन चुकून दुसऱ्या मजल्यापर्यंत चढला, पाप. आज कुंदाच्या बोटात सुई गेली तर "पाप गं कुंदा!" म्हणून ओरडली. सुई टोचण्यात कसलं आलंय पाप? मी कुंदाला म्हणालो, हिच्या घराण्यानं पूर्वी काहीतरी भयंकर केलं असणार, त्याशिवाय इतकी पापभीरू बाई निपजायची नाही. कुंदा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझा विनोद आवडला तिला.

ती रोज दुपारी खाली जाते आणि कानडी शिकते. वर्ष झालं आम्हाला इथे बदलून येऊन. मी शिकणार नाही. कारखाना इंग्रजीवर चालतो, रिक्षा हिंदीवर. मला इथल्या लोकांचं आणखी काही ऐकायचं नाही.

३ ऑगस्ट, रविवार

अकरा पानं आली. पदवीधर म्हणे.

एकानं 'समाधानी' हा शब्द तीनदा लिहिलाय. ज्याला एकदा लिहून भागत नाही तो समाधानी नाही. एकानं नोकरीबद्दल दोन ओळी लिहिल्यात आणि अमेरिकेतल्या मुलाच्या मायक्रोवेव्हबद्दल नऊ. एकानं बायकोचं नावच लिहिलेलं नाही, 'सौ. गृहिणी आहेत' एवढंच. त्याच पानात कॉलेजातल्या एका मुलीचं नाव मात्र आडनावासकट आहे. परवा त्याच्या घरी फोन केला तर सौ. गृहिणींनीच उचलला. शाळेत मुख्याध्यापिका आहेत त्या.

सगळ्यांना कॉलेज म्हणजे सोन्याचे दिवस. कुणालाच कुणी फसवलं नाही, कुणाचं वर्ष गेलं नाही. माझा उल्लेख अकरांपैकी एकात. 'निजसुरे नकला छान करायचा.'

शुद्धलेखनाच्या एकूण एकशे चार चुका. मी काहीही दुरुस्त करणार नाही. जसा माल आला तसा पुढे जाऊ दे.

१७ ऑगस्ट, रविवार

आलं.

स्वतः आला नाही, मुलीला पाठवलं. दिव्यश्री नाव. एकवीस-बावीसची, यंदाच इंजिनिअर झाली. लूनावरून हेब्बाळपासून इथवर आली होती. चेहरा अगदी त्याचा.

"अप्पांचं पान आहे, अंकल," ती म्हणाली. "अप्पा तुमचं लई सांगतात."

"काय सांगतात?"

"लेटरिंग. निजसुरेसारखं लेटरिंग पुन्हा बघितलो नाही म्हणून सांगतात."

बाप लोणी लावायला पोरीला पाठवतो. कुंदानं तिला थांबवून पोहे खाऊ घातले आणि दोघी कानडीत काहीतरी खिदळत बसल्या. ती गेल्यावर मी पाकीट फोडलं. अक्षरशः उतरवून ठेवतो, चुकांसकट.

'मी १९७२ पासून पॉलिटेक्निकमध्ये ड्रॉइंग शिकवतो. पगार स्वल्प, पण सरी आहे, भागतं. बायको सोयराबाई, एक मुलगी दिव्यश्री. कॉलेज म्हणजे मला पहिलं वर्षच आठवतं. माझ्या रूममध्ये निजसुरे होता. लई हुशार, अक्षर मोत्यासारखं. पाप, त्याचं वर्ष गेलं. मी स्वतः होऊन रेक्टरसाहेबांकडे गेलो होतो. इंग्रजी नको म्हणून सांगितले. मला मराठी तेवढंच येत होतं. पाप म्हणून दोनदा सांगितलो. ऐकले नाहीत. तेव्हापासून दर वर्षी पहिल्या दिवशी मुलांना सांगतो, शीट राहिली तर कारण सांगा, मी दिवस वाढवून देतो. निजसुरेला कोणी दिलं नाही.'

स्वतः होऊन गेलो! म्हणजे रेक्टरनं बोलावलंसुद्धा नव्हतं. पाप म्हणून दोनदा सांगितलो! अठ्ठावीस वर्षं मी जे सांगत आलो ते यानं सहीनिशी लिहून दिलं. आणि मुलांना दिवस वाढवून देतो म्हणे. प्रायश्चित्त चाललंय. 'ऐकले नाहीत' कसलं? ऐकले म्हणूनच तर माझं वाटोळं झालं. पण या माणसाला वाक्य कुठे नीट करता येतं?

कुंदानं पान वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, "अरे, हा पाप म्हणतोय ते..."

"मला मराठी शिकवू नकोस," मी म्हणालो.

"मराठी नाही. खाली तानूअक्कांना जाऊन विचार एकदा."

"माझ्या कॉलेजात काय झालं ते आता तानूअक्का सांगणार का?" असं म्हणून मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. देवळापर्यंत जाऊन आलो. आत गेलो नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

माझं पान लिहिलं. चार वेळा लिहिलं. बोरूसारखं टोक असलेलं पेन खास आणलं, अक्षर तसंच आलं जसं तेव्हा यायचं. नोकरीबद्दल दोन ओळी, कुंदाबद्दल एक, मूल नाही त्याबद्दल काही नाही. बाकी सगळं अडुसष्टबद्दल. शेवट असा:

'शेजारच्या पानावर ज्यानं पापाची कबुली दिली आहे, त्याच माणसानं माझ्या वडिलांकडून त्यांचा मुलगा हिरावून घेतला. कबुलीबद्दल आभार. क्षमा नाही.'

कुंदा म्हणाली, "हे वाचू नकोस. माझं ऐक. तो तसं म्हणत नाहीये, तो तुझ्याबद्दल..."

मी हात वर केला. तिचा वीस वर्षांचा अनुभव आहे माझ्या हाताचा, म्हणजे तो वर झाला की बोलणं थांबवायचं एवढ्यापुरता. मारलेलं कधी नाही. "त्यानं लिहून दिलंय," मी म्हणालो. "त्याच्या अक्षरात. आणखी काय ऐकायचं राहिलंय?"

"कान नाहीत तुला," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

३१ ऑगस्ट, रविवार

कुंदा कामापुरतंच बोलते. आमटीत मीठ नव्हतं. मी वरून घेतलं.

मनात एकदा येऊन गेलं की पान बदलावं. उगाच नाही, एक गोष्ट आठवली म्हणून. रेक्टरकडे जायच्या आदल्या दिवशी, शाई सांडल्यावर, हंबीररावानं स्वतःचा टॉवेल आणून टेबल पुसलं होतं. मी विसरलो होतो. मग वाटलं, घाण आपल्या अंगावर येऊ नये म्हणून पुसलं असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी देतोय असं काही नाही. पान आहे तसंच राहील.

७ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले. तानूअक्कांच्या घरचे मोदक आले, कुंदानं त्यांना खाली पुरणपोळ्या दिल्या. दोघींचं गूळपीठ जमलंय.

सकाळी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. चाळीस प्रती, वर निळा पुठ्ठा. दुकानदार पानं हाताला येतील तशी लावत होता. मी काढून घेतली आणि स्वतः लावली. डावीकडे लाड, उजवीकडे निजसुरे. पुस्तक उघडलं की दोघं समोरासमोर. वाचायचा क्रमही तोच. आधी तो, मग मी.

दुकानदारानं वाट बघत माझ्या पानावर नजर टाकली. मराठी येत नसावं, पण म्हणाला, "हँडरायटिंग चन्नागिदे, सार." अक्षर सुंदर आहे, एवढं मलाही कळलं.

२८ सप्टेंबर, रविवार

जे झालं ते क्रमानं लिहितो. क्रम चुकला तर मला पुढे काही सुचणार नाही.

मल्लेश्वरमला हॉल घेतला होता. एकोणीस कुटुंबं. कुंदा तानूअक्कांनाही घेऊन आली होती, का ते मी विचारलं नाही. मागे लांब टेबलांवर केळीची पानं मांडून ठेवली होती. वाचन आधी, जेवण मग.

हंबीरराव डोक्यावरून विरळ झालाय. जाड चष्मा. मला बघून दोन पावलं पुढे आला. मी प्रती मोजायला वाकलो.

त्यानं आपलं पान वाचलं. 'पाप, त्याचं वर्ष गेलं' इथे आल्यावर हॉलमधल्या दोघा-तिघा बायकांनी माझ्याकडे पाहिलं, फार मऊ नजरेनं. मला वाटलं, चला, लोकांनाही त्याचं पाप कळलं.

मग मी वाचलं. आवाज खणखणीत लागला. 'क्षमा नाही' म्हणून थांबलो. कुणी टाळी वाजवली नाही. कुंदा मांडीवरच्या पर्सकडे बघत होती. महांतेश अर्धवट उठला, "अरे निजसुरे, काय वाचतोयस तू हे?" म्हणाला, आणि तसाच राहिला.

तेवढ्यात पहिल्या रांगेत महांतेशच्या पुतणीची तीन वर्षांची पोर घडीच्या खुर्चीवरून घसरली आणि गुडघ्यावर पडली. रडायला लागली. तर एकदम तीन बाजूंनी बायका धावल्या. तानूअक्का, महांतेशची बायको आणि हंबीररावाची सोयराबाई. तिघीही एकच शब्द बोलत होत्या.

"पाप! पाप!"

सोयराबाईंनी तिला उचललं, गुडघ्यावर फुंकर घातली. "पाप गं माझं बाळ," म्हणाल्या. "लई लागलं काय?"

मी हातात पान घेऊन उभा होतो. सुई, लंगडं कुत्रं, जिना चढलेला पोस्टमन. माझ्या खाटेची कडा. कानडीतलं पाप म्हणजे आपण ज्याला बिचारा म्हणतो, अरेरे म्हणतो. एवढंच. दुसरं काही नाही.

हंबीरराव जागेवरूनच बोलला. "तू बाहेर होतास काय, त्या दिवशी?"

"हो."

"काय ऐकलास?"

महांतेशच्या लक्षात आलं होतं, तो कपाळावर हात मारून खाली बसला. हंबीररावाच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. त्यानं स्मरणिकेत माझं पान पुन्हा काढलं, बोट ठेवून शेवटच्या ओळी वाचल्या. मग त्याचा चेहरा बदलला. मी त्याला रागावलेला कधीच पाहिला नव्हता.

"तुझी आई आजारी आहे म्हणून सांगायला गेलो होतो मी," तो म्हणाला. "इंग्रजीत सुरू केलो तर ओरडले. मराठीत मला काय येत होतं? जे येत होतं त्याला तुम्ही हसत होता. पाप म्हणालो. समजले नाहीत म्हणून परत म्हणालो. मला वाटलं, माझं मराठी बरोबर नाही म्हणून तुझं वर्ष गेलं. अठ्ठावीस वर्षं मला तेच वाटतंय."

"हंबीर..."

"तीन वर्षं एका मेसमध्ये जेवलो. विचारायचं होतास की. मी ताट घेऊन आलो तुझ्यासमोर, उठून गेलास." त्यानं चष्मा काढला, परत लावला. "माझी नक्कल करत होतास ना रोज? सगळे शब्द पाठ होते तुला. एकाचा तरी अर्थ विचारायचं होतास."

दिव्यश्रीनं त्याच्या दंडाला धरलं. तिघं निघाली. मागच्या टेबलावर त्यांच्या पानांत मीठ आणि कोशिंबीर वाढून झालेली होती. महांतेश मागे धावला, "जेवून जा की रे" म्हणत होता. हंबीररावानं मान हलवली. त्यांच्याकडची स्मरणिका मात्र बरोबर नेली.

येताना रिक्षात कुंदाला म्हणालो, "तू सांगायला हवं होतंस."

तानूअक्का मध्ये बसल्या होत्या, त्या बाहेर बघत राहिल्या.

२९ सप्टेंबर, सोमवार

कामावर गेलो नाही. ट्रंकेतून वडिलांच्या देव्हाऱ्याच्या खणातलं पत्र काढलं. 'याच्या खोलीतील सोबत्यानेच हे पाप असल्याचे दोन वेळा निक्षून सांगितले.' घडीवर घडी घालून कागद चार ठिकाणी फाटलाय. सहा वर्षं वडील हे काढून वाचत होते, असं शेजारच्यांनी मला नंतर सांगितलं होतं. त्यात लिहिलेलं होतं की तुमच्या मुलाची एकाला फार दया आली. संस्कृत शिकवणाऱ्या माणसालाही ते कळलं नाही.

शीट मी विचारून आणल्या नव्हत्या. तेही इथे लिहून ठेवतो. पाप म्हणायचंच तर तेवढं होतं, आणि ते माझं होतं.

महांतेशला फोन करून सांगितलं, सगळ्यांच्या प्रतींतून माझं पान फाडून घे. तो म्हणाला, "अठरांचं बघतो मी. एकोणिसावं तुझं तू बघ."

५ ऑक्टोबर, रविवार

हेब्बाळला गेलो. दोन बस बदलून. पुढे दीड-दोन मैल चालत, कारण पत्ता विचारायचा तर कानडीत विचारावा लागत होता आणि मला 'मने एल्ली', म्हणजे घर कुठे, एवढंच येत होतं. कुंदानं निघताना कागदावर लिहून दिलं होतं. लोक ऐकून हसले. मी परत विचारलं, परत हसले. एक म्हातारा तर माझा उच्चार दुसऱ्याला करून दाखवत होता.

दार दिव्यश्रीनं उघडलं. मी म्हणालो, अप्पांना भेटायचंय, एवढंच बोलायचंय, दोन मिनिटं. पान परत मागायला आलोय असंही म्हणालो.

ती आत गेली. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, म्हणजे तो होता. बराच वेळ गेला. ती पाण्याचा तांब्या घेऊन एकटीच बाहेर आली.

"येत नाही म्हणून सांगितले अप्पा," ती म्हणाली. "पान पण देत नाही म्हणाले. ठेवून घेतो म्हणाले."

मी पायरीवर बसून पाणी प्यालो. शर्ट पाठीला चिकटला होता. पाणी हनुवटीवरून खाली सांडलं. ती दार लोटायला वळली होती, ती थांबली आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

"पाप," ती म्हणाली. "एवढ्या लांबून आलात."

या वेळी मला अर्थ लागला. तांब्या तिच्या हातात दिला आणि बसच्या दिशेनं चालायला लागलो.